पिनकोड

विश्रामबागेत, चष्म्याच्या दुकानावर,
कठडा नसलेल्या जिन्याचा आमचा क्लास.
रेंदाळकर सर, निवृत्त पोस्टमास्तर,
म्हणतात, क्रियापद हे नुसतं पाकीट,
खरी मेख मागच्या छोट्या शब्दात. तो पिनकोड.
पास लिहा. मागं आउट लावा, माणूस बेशुद्ध.
ऑन लावा, निरोप पुढं.
अवे लावा,
मग पाकीट परत येत नाही.

आम्ही सहाजणी, सगळ्या नर्स.
ड्युटी उरकून मिरजेहून सिटी बसनं येतो,
हातांना स्पिरिटचा वास, केसांत टोपीचा वळ.
कुणाचं डब्लिन, कुणाचं लीड्स,
माझं एक गाव, ज्याच्या नावातली
निम्मी अक्षरं बोलायचीच नसतात.

परीक्षेतला पेशंट म्हणतो, आय थ्रू अप.
थ्रो म्हणजे फेकणे, अप म्हणजे वर.
काय फेकलं? किती वर?
ओकला हो तो, सर म्हणतात.
दुसरा म्हणतो, अंडर द वेदर.
हवामानाखाली आम्ही सगळेच, सर,
एकदा कवठ्याला एप्रिलात या.

आणि गेट! गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय,
माझ्या वहीत त्याची चौदा पानं.
लिसीअम्माला दाखवली तर हसत सुटली.
कोट्टायमहून येऊन अकरा वर्षं झाली तिला,
आमचं एक क्रियापद अजून पुरतं हाती लागलं नाही म्हणे.
भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो,
दार लागतं, वेड लागतं,
सांगलीहून येताना आधी विश्रामबाग लागतं,
आणि नातेवाईक विचारतात, सिस्टर, किती लागतील?
एकटा गडी इतकी कामं करतो,
पगार काय देता त्याला?

रात्रपाळीला वही उशाशी घेऊन बसायचे.
बेड अकराला बाबू ऐनापुरे, मार्केट यार्डातले हमाल.
चाळीस वर्षं हळदीची पोती,
तळव्याच्या रेषांतलं पिवळं पुसून जात नव्हतं.
झोप नसली की म्हणायचे, वाचा काय तरी.
मी वाचलं, कॉस्ट्स ॲन आर्म अँड अ लेग.
म्हणजे?
म्हणजे फार महाग. हात आणि पाय, एवढी किंमत.
गुडघ्याखालच्या रिकाम्या चादरीकडं बघून म्हणाले,
माझा येकच पाय गेला.
मग स्वस्तात सुटलो की वो.

आमचा सौदा रुमालाखाली व्हायचा, म्हणाले,
बोटं दाबायची, शब्दाचं कामच न्हाई.
तुमच्या सायबाला शिकवा तेवढं.

मंगळवारी पहाटे, पावणेपाचला.

सून हरिपुराहून पहिल्या रिक्षानं आली,
स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला, अजून गरम.
मला सगळं पाठ होतं.
आवाज खाली, नजर पेशंटच्या नातेवाइकाकडं,
आय अ‍ॅम अफ्रेड, मग एक श्वास, मग ही पास्ड अवे.
आरशासमोर वीसदा म्हटलेलं.
मराठीत कुणी शिकवलंच नव्हतं.
मी तिच्या हातातला डबा घेतला
आणि म्हणाले,
बसा.

तिला कळलं.

सरांना विचारलं, बसाला इंग्रजीत काय?
सिट, ते म्हणाले. डाउन लावायला गेले, थांबले.
चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले.
खाली दुकानात कुणीतरी मोठ्यानं अक्षरं वाचत होतं,
वरची मोठी, मग बारीक, मग चुकीची.
डाउन नको, सर म्हणाले. राहू दे.
चला, पान बावीस. लुक आफ्टर.

घाईत तो डबा तिथंच राहिला.
घासून माझ्या कपाटात ठेवलाय,
झाकणावर खिळ्यानं ठोकलेलं बा. ऐ.
एका रविवारी हरिपूरला जायचंय.
गिव्ह. याच्या मागं काय लागतं,
बॅक, अप, की अवे,
विचारायचं राहून गेलंय.